सुलभाताईंच्या तागडीतला मासा

वर्षातून एकदा सुलभाताई खांबेटे ठेवणीतली साडी नेसून शाळेत जात, आणि त्या दिवशी पंचांगात शोधूनही काही सापडत नसे. बालीगंजमधल्या त्यांच्या शाळेत हे सगळ्यांना पाठ झालं होतं. जांभळी नारायणपेठी दिसली की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणायचंच, "आज सहावीत एक्स येणार वाटतं." आणि खरोखरच त्या दिवशी सहावीच्या वर्गात बीजगणिताचा पहिला तास असायचा.

सुलभाताईंचं म्हणणं साधं होतं. पोरांच्या वहीत आजवर नुसते आकडे आले, ज्यांची किंमत त्यांच्या तोंडावरच लिहिलेली असते. आज पहिल्यांदा असा पाहुणा येतोय, की ज्याचं नाव कळतं पण तो आहे किती ते कळत नाही. अशा पाहुण्यासमोर यजमानाने रोजच्या चुरगळलेल्या साडीत उभं राहायचं? आणि पाहुणा आला की तोंड गोड करायला हवं, म्हणून डब्यातून नारळाच्या वड्या जायच्या, प्रत्येकाला एक. गोडाच्या बाबतीत बंगाली पोरांची जीभ मोठी चोखंदळ, पण सुलभा मिसची वडी नको म्हणणारं पोर अजून जन्माला यायचं होतं.

बाई मूळच्या साताऱ्याच्या. श्रीकांतराव रेल्वेत, आणि त्यांची बदली गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत झाली म्हणून दोघं कोलकात्याला आले. "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे," असं सासूबाईंना सांगून निघालेलं हे जोडपं तिथलंच होऊन गेलं. त्यांच्याबरोबर आलेली बँकवाली, विमाकंपनीवाली मराठी घरं बदल्या होऊन एकामागून एक परत गेली. नवी आली, तीही गेली. खांबेटे मात्र हलले नाहीत. श्रीकांतराव आता निवृत्त आहेत आणि ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगतात. "मुंबईची बदली मला चालून आली होती हो! पण आमच्या बाईसाहेब सहावी सोडायला तयार नव्हत्या. सहावीतल्या मुलांना एक्स कोण दाखवणार? मग मी मुंबई सोडली."

कोलकात्याचं बाकी सगळं सुलभाताईंनी मनापासून आपलंसं केलं. बंगाली तर त्या अशा फाडफाड बोलतात की रिक्षावाला वळून बघतो. सूर साताऱ्याचा आहे, पण त्याला कोण काय करणार. पूजेच्या दिवसांत त्या मांडवामांडवांतून पाय दुखेपर्यंत हिंडतात. फक्त एका गोष्टीशी त्यांची कधी तडजोड झाली नाही. घराजवळच्या बाजारात भाजीचा भाग आणि मासळीचा भाग यांच्यामध्ये एक पायरी आहे. ती पायरी सुलभाताईंनी कधी ओलांडली नाही. पायरीजवळून जाताना पदर आपोआप नाकाला जायचा आणि चाल दुप्पट व्हायची.

तर अशा या बाईंच्या शाळेत गेल्या वर्षी प्रत्येक वर्गात भिंतभर मोठा पडदा आला. बोट लावलं की चालणारा, बोटाने लिहिता येणारा. शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने तो बसवला होता आणि बरोबर गणिताचा एक तयार कार्यक्रमही घेतला होता. मुख्याध्यापिका यामिनी सेन या इतिहासाच्या बाई, स्वभावाने सरळ आणि बोलायला स्पष्ट. त्यांनी सुलभाताईंना बोलावून सांगितलं, "सुलभादी, ट्रस्टचं म्हणणं आहे की आता सहावीचं बीजगणित पडद्यावरच शिकवायचं. तुम्ही एक तास घ्या, ते लोक बघायला येतील. तास जमला तर सहावी तुमची. नाही जमला, तर सहावी सलीलला देऊ आणि तुम्ही नववी-दहावी बघा."

सलील हा शाळेतला तरुण शिक्षक, यंत्रांच्या सगळ्या भानगडी त्याच्याकडे. यामिनीबाईंच्या बोलण्यात खोट नव्हती. उलट स्टाफरूममध्ये काहींनी सुलभाताईंचं अभिनंदनच केलं. नववी-दहावी म्हणजे बढतीच की! पण सुलभाताईंना ती बढती नको होती. नववीपर्यंत पोरांचं ठरलेलं असतं, गणित आपलं की परक्याचं. ते ठरतं सहावीत, त्या पहिल्या एक्सच्या आसपास. त्या वेळी आपण तिथे नसायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. श्रीकांतरावांनी दोनदा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "अहो, माझी सहावी जाणार बहुतेक."

आता कुणाला वाटेल, बाई यंत्राला घाबरणाऱ्या असतील. मुळीच नाही. फुचकावाल्याला, म्हणजे पाणीपुरीवाल्याला, मोबाइलवरून पैसे देणाऱ्या त्या त्यांच्या गल्लीतल्या पहिल्या. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर त्या सलीलपुढे विद्यार्थिनी होऊन बसल्या. पडद्याचं आणि त्यांचं सुरुवातीला अजिबात पटलं नाही. त्या एक समीकरण लिहायच्या, वळून बोलायला लागायच्या, आणि पदराचं टोक पडद्याला घासून समीकरण गायब व्हायचं. एकदा तर बांगडी लागून शाळेची सगळी सुट्ट्यांची यादी पडद्यावर आली. सलील हसून हसून खुर्चीत कोसळला. सुलभाताई म्हणाल्या, "हसतोस काय? तुला साडी नेसवून उभा करते, मग बघ." दुसऱ्या दिवसापासून पदराला पिन लागली, बांगड्या कपाटात गेल्या, आणि आठवड्याभरात बाईंचा हात असा बसला की सलीलनेच हात जोडले.

अडचण पडद्याची नव्हतीच. अडचण होती त्या तयार कार्यक्रमाची. त्यात एक तराजू होता, दोन पारड्यांचा, छान रंगीत. एका पारड्यात एक्स लिहिलेली पेटी आणि काही ठोकळे, दुसऱ्या पारड्यात नुसते ठोकळे. दोन्हीकडून सारखे ठोकळे काढत जायचं, शेवटी पेटी एकटी उरली की उत्तर. खरा तास व्हायच्या आधी, टॅबलेटची सवय व्हावी म्हणून तो पोरांना नुसता खेळायला दिला, आणि त्यांना तो प्रकार भलताच आवडला. टॅबलेटवर बोटं सपासप चालायची, उत्तर आलं की घंटा वाजायची, चांदण्या उधळल्या जायच्या.

वर्गात तृणा नावाची मुलगी होती, दोन वेण्यांची, बडबडी. तिने सरावाची सगळी गणितं सगळ्यांच्या आधी सोडवली. सुलभाताईंनी तिच्या शेजारी बसून विचारलं, "कसं केलंस गं?"

"मिस, घंटा वाजेपर्यंत एकेक काढत गेले."

"आणि दोन्हीकडून सारखंच का काढायचं?"

"नाहीतर लाल दिवा लागतो."

"बरं. मग एक्स म्हणजे काय?"

तृणाने मिसकडे जरा दयेनेच पाहिलं. "पेटी," ती म्हणाली.

सुलभाताईंना पोरीचा राग आला नाही, पण त्या दिवशी त्या शाळेतून चालतच घरी आल्या आणि वाटभर विचार करत राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. या पोरांनी तराजू पाहिलाच नव्हता! वाण्याकडे, भाजीवाल्याकडे, दुकानात सगळीकडे काटा विजेचा. वस्तू ठेवली की आकडा उजळतो. दोन पारडी सारखी होण्याची वाट बघत गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघे श्वास धरून उभे राहतात, हे त्यांच्या अनुभवातच नाही. पडद्यावर लटकतंय ते त्यांच्या लेखी झोपाळ्यासारखं काहीतरी होतं. त्याला बिघडू द्यायचं नाही, एवढाच खेळ.

हे त्यांनी सलीलला सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "सुलभादी, खरी तागडी अजून एका ठिकाणी आहे. बाजारात आमचा जो नेहमीचा माणूस आहे ना, तो हातातल्या तागडीनेच वजन करतो. त्याचं मोबाइलवर चित्रण करू. पडद्यावर लावू. हवं तिथे थांबवता येईल, मोठं करता येईल, वरून लिहिताही येईल."

सुलभाताईंचे डोळे लकाकले. "कोण रे तुझा माणूस? भाजीवाला?"

"मासेवाला," सलील म्हणाला.

लकाकी गेली. सलीलला त्यांची पायरी ठाऊक होती. तो म्हणाला, "तुम्ही नका येऊ. मी करून आणतो." सुलभाताईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "नाही. तास माझा, एक्स माझा. मीच जाणार." सलीलने त्या माणसाची जागा तेवढी समजावून सांगितली.

घरी हे ऐकून श्रीकांतरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "तू? मासळीबाजारात? अगं, इतकी वर्षं शेजारच्या घोषबाबूंकडे जेवायला जाताना तू आधी फोन करून विचारतेस की आज काय शिजलंय!"

"अहो, आलिया भोगासी. तुम्ही पिशवी घेऊन मागे उभे राहा, म्हणजे झालं."

रविवारी सकाळी सुलभाताईंनी ती पायरी ओलांडली. पदर नाकावरून गुंडाळलेला, एका हातात मोबाइल, निऱ्या दुसऱ्या हाताने वर धरलेल्या. खाली सगळं ओलं, बाजूला उभ्या पात्यांवर मासे कापले जात होते, आणि गर्दी अशी की कोणाचा कोपर कोणाच्या बरगडीत ते कळेना. सलीलने सांगितलेला जयप्रकाश ओट्यावर मांडी घालून बसला होता. एक अनोळखी बाई नाकाला पदर लावून आपल्या तागडीवर मोबाइल रोखतेय, हे पाहिल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे वजनं पोत्याखाली ढकलली. त्याला वाटलं, वजनमापं तपासणारी साहेबीण आली. श्रीकांतरावांनी पुढे होऊन सगळा उलगडा केला, शाळेचं नाव सांगितलं, सलीलचं नाव सांगितलं, तेव्हा कुठे वजनं परत वर आली आणि जयप्रकाशने केसांवरून ओला हात फिरवला.

"माशिमा, कोणता मासा दाखवू?" माशिमा म्हणजे मावशी.

"कुठलाही चालेल. फक्त वजन माहीत नाही असा हवा."

जयप्रकाश क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. इतकं सोपं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. त्याने टबात हात घालून एक रुई, म्हणजे रोहू मासा, उचलली आणि तशीच पारड्यात टाकली. दुसऱ्या पारड्यात किलोचं वजन. मासा वर गेला. म्हणजे किलोपेक्षा कमी. तेव्हा सगळे जुने दुकानदार करतात तेच त्याने केलं. दोनशे ग्रॅमचं वजन उचलून माशाच्याच पारड्यात ठेवलं. काटा जरा हलला आणि तिरकाच राहिला. तो मासा परत टबात गेला, दुसरा आला, तोही गेला. तिसरा मात्र बरोबर बसला. मासा आणि दोनशे एकीकडे, किलो दुसरीकडे, आणि काटा सरळ उभा.

सुलभाताईंच्या तोंडून "अहाहा!" निघालं. एक्स अधिक दोनशे बरोबर हजार! पुस्तकात नाही, पडद्यावरच्या पेट्यांत नाही, भर बाजारात एका माणसाच्या हाताला लटकलेलं समीकरण! नाकावरचा पदर कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही. श्रीकांतराव नंतर सांगत होते की लग्नाच्या दिवशीसुद्धा हिचा चेहरा इतका फुललेला त्यांनी पाहिला नव्हता. चित्रण झालं. तो मासा विकत घेणं भाग होतं. तो सलीलच्या घरी पोचता झाला आणि दुपारी मोहरीच्या रश्शात गेला.

तासाच्या दिवशी सुलभाताईंनी नारायणपेठी नेसली, पदराला पिन लावली. वड्या वर्ग भरतानाच वाटून झाल्या. शेवटच्या बाकावर ट्रस्टचे दोन गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी यामिनीबाई. सलील पडद्याच्या तारांजवळ उभा. सुलभाताईंनी पाहुण्याची ओळख करून दिली, एक प्रसन्न हसू हसल्या, आणि चित्रण सुरू केलं. अंधारलेल्या वर्गात मासळीबाजार अवतरला. टबातून रुई बाहेर आली, पारड्यात पडली, वजनं चढली, काटा सरळ झाला. सुलभाताईंनी बोट लावून चित्र तिथेच थांबवलं आणि वर्गाकडे वळल्या.

आधी एक पोर फिस्सकन हसलं. मग त्याच्या शेजारचं. मग अख्खा वर्ग. "ए मा, जोल! जोल!" अगं आई, पाणी! पाणी! मागून कुणी ओरडलं, "मिसके ठोकियेछे!" मिसला ठकवलं!

सुलभाताईंना काही समजेना. त्यांनी आधी साडी चाचपली, मग पिन चाचपली. सलीलकडे पाहिलं तर तो तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळलेला. यामिनीबाई मान खाली घालून वहीत बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. ट्रस्टच्या गृहस्थांपैकी एकाने घड्याळ पाहिलं.

तृणा उभी राहिली. "मिस, तुम्ही पाणी ओतायला नाही सांगितलं?"

"कसलं पाणी गं?"

तृणा सरळ पडद्याजवळ आली आणि दोन बोटांनी तिने चित्र मोठं केलं. पारड्याच्या तळाशी, माशाच्या पोटाखाली, चांगलं चमकणारं पाणी साचलेलं दिसलं. "आमचे दादू दर वेळी ओरडतात, आधी पाणी ओत! मग तो पारडं उपडं करतो, मगच वजन. ओरडलं नाही तर तो पाण्यासकटच मोजतो. मिस, हे सगळ्यांना माहीत असतं!"

सगळ्यांना म्हणजे त्या शहरात ज्याला ज्याला आपल्या दादूंचं, म्हणजे आजोबांचं, बोट धरून बाजारात जाता आलं त्या प्रत्येकाला. गिऱ्हाईकाने ओरडायचं आणि मासेवाल्याने पाणी ओतायचं, हा तिथला रोजचा रिवाज. जयप्रकाश बिचारा ओरडण्याची वाट बघत होता. आणि या बाई तागडी बघून "अहाहा" म्हणाल्या! इतकी वर्षं पायरीच्या अलीकडे काढलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार?

सुलभाताईंचे कान तापले. पडद्याच्या कोपऱ्यात त्या कार्यक्रमाची उत्तराची चौकट उघडी होती. तिथे आठशे लिहायचं, बटण दाबायचं, की घंटा वाजेल, चांदण्या उधळतील, शेवटच्या बाकावरचे लोक टाळ्या वाजवतील आणि सहावी आपलीच राहील. "बरं, पाणी नाही असं समजू या," एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. गणिताच्या बाईंना समजू या म्हणण्याची सवय असतेच. त्यांचं बोट चौकटीकडे गेलंसुद्धा.

पण तृणा जागेवर गेली नव्हती. ती पडद्याकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे एक्स आठशे नाही. मिस, आठशे म्हणजे मासा आणि पाणी. एक्स तर नुसता मासा ना?"

परवापर्यंत हिच्या लेखी एक्स म्हणजे पेटी होती. सुलभाताईंचं बोट हवेतच थांबलं. त्यांना एकदम इतका आनंद झाला की शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते त्या क्षणी त्या विसरल्या. त्यांनी हात खाली घेतला.

"मग मी काय लिहू?" त्यांनी वर्गाला विचारलं.

"पाणी वजा करा!"

"करते की. पाणी किती?"

"कुणास ठाऊक," एक जण म्हणाला. "फेकून दिलं असेल आता," दुसरा म्हणाला.

"किती ते माहीत नाही, मग लिहायचं कसं?"

तृणाने वेणीचं टोक तोंडात धरलं, सोडलं. "माशाला जसं अक्षर दिलं तसं पाण्यालापण द्या ना एक."

हे सुलभाताई सातवीच्याही पुढे, बरंच पुढे, शिकवायच्या. त्यांनी वळून बोटाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: एक्स अधिक वाय अधिक दोनशे बरोबर हजार. कार्यक्रमाला दोन अक्षरं माहीत नव्हती. पडदा लाल झाला आणि कर्कश आवाज करू लागला. सलील धावला. सुलभाताई म्हणाल्या, "राहू दे, वाजू दे त्याला," आणि पुढे विचारलं, "आता सांगा, मासा किती?"

"साडेसातशे! पाणी पन्नास!"

"सातशे नव्वद! पाणी दहा!"

"मिस, हे काहीपण बसतंय!" एक मुलगा तक्रारीच्या सुरात ओरडला. "असं कसं? गणिताचं उत्तर एकच पाहिजे!"

"बसतंय खरं. मग आता काय करायचं?"

मग जो गोंधळ झाला तो सांगता सोय नाही. कुणी म्हणे मासा काढून नुसतं पाणी तोला. त्यावर दुसरा म्हणे, मासा काढताना त्याच्या अंगाला पाणी लागून जाईल, ते कोण मोजणार? तिसऱ्याचं मत पडलं की आधी कोरडं पारडं तोलावं. पोरं बाकांवर चढली होती. आणि त्या कल्लोळात शेवटच्या बाकावरून एक मोठा, ठाम आवाज आला.

"छे छे! पाणी आधी ओतायचं, मासा फडक्याने पुसायचा, आणि मग पुन्हा ठेवायचा!"

यामिनीबाई उभ्या होत्या. वर्ग एकदम चिडीचूप झाला. बाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे, मी दर रविवारी स्वतः मासे घेते," त्या पुटपुटल्या.

तृणाला मात्र पद वगैरे काही दिसत नव्हतं. "पण मॅम, मग तो सरळ मासाच झाला. वाय कशाला लागेल?"

"का नाही लागणार?" यामिनीबाई बाकातून बाहेर आल्या. "त्याने मला किती ठकवलं ते मला कळायला नको?"

यावर वर्गात नुसता हशा, आणि हशातच तास संपल्याची घंटा झाली, शाळेची खरी घंटा. पडद्यावर लाल रंगात 'पाठ अपूर्ण' असं लिहून आलं होतं. चांदणी एकही नाही. ट्रस्टचे गृहस्थ उठले. त्यांतले थोरले सुलभाताईंजवळ येऊन अगदी सभ्यपणे म्हणाले, "मुलं उत्साही आहेत. पण उत्तर काही आलं नाही, नाही का?" यामिनीबाई त्यांना पोचवायला निघून गेल्या. पोरं भांडत भांडत खेळाच्या तासाला पळाली.

रिकाम्या वर्गात सुलभाताई खुर्चीत बसल्या. आनंद ओसरला आणि मागून काळजी आली. आपण काय करून बसलो ते आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. सलील तारा गुंडाळत होता. त्या म्हणाल्या, "सलील, सहावी आता तू सांभाळ. एवढं कर, त्या तृणाला भराभर पुढे नको ढकलू. ती मध्येच थांबते, तिथे तिला थांबू दे." सलीलने तारा तशाच टेबलावर ठेवल्या.

तेवढ्यात यामिनीबाई परत आल्या. जिना चढून धाप लागली होती.

सुलभाताई उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, मला कल्पना आहे. मी सलीलला आत्ताच सांगितलं की—"

"सुलभादी, एक्स किती?"

"काय?"

"मासा हो! नुसता मासा किती ग्रॅमचा होता?"

"ते मला नाही माहीत, मॅडम. तो तर सलीलकडे केव्हाच शिजला; आता नवा मासा आणून दोनदा तोलल्याशिवाय उत्तर कळणारच नाही."

"तुम्हालाही माहीत नाही?" यामिनीबाई पोरांच्या बुटक्या बाकावर टेकल्या. थोडा वेळ पडद्यावरच्या त्या दोन अक्षरांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शाळेत असताना मी किती एक्स काढले असतील हो! वह्याच्या वह्या. मार्कही मिळायचे. पण तो एक्स किती आहे हे जाणून घ्यावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं. सुटले एकदाची म्हणून मी इतिहास घेतला. आणि आज, ते दोघं जिन्यात माझ्याशी काय बोलले ते विचारा, मला सांगता येणार नाही. माझं सगळं लक्ष त्या माशात."

इतक्या वर्षांत सुलभाताईंच्या शिकवण्याबद्दल कुणी असं काही बोललं नव्हतं. तरी विचारायला तर हवंच होतं. "आणि वर्गाचं काय ठरलं?"

"कुठल्या वर्गाचं?" यामिनीबाई खरोखरच विसरल्या होत्या. मग त्यांना आठवलं. "अहो, सहावी तुमचीच! ट्रस्टला काय सांगायचं ते मी बघते. सलील, तो लाल आवाज बंद करण्याचं तेवढं काहीतरी कर बाबा." सलील खुशीत मान डोलावत होता. यामिनीबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत वळल्या. मुख्याध्यापिकेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "सुलभादी, सोमवारी तुमच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसले तर चालेल? उत्तर येईपर्यंतच."

सुलभाताईंनी डोळे पुसले आणि बाईंकडे सहावीच्या मिसच्या नजरेने पाहिलं.

"बसा. पण मध्ये बोलायचं असलं तर आधी हात वर करायचा."